वजन थोडंच जास्त असताना ऑपरेशन करावं का?

ज्याचं वजन १५० किलो आहे आणि ज्याला एक जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, त्याच्यासाठी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय जड असला तरी हिशेब सरळ असतो. खरी ओढाताण होते ती ८५-९० किलोवाल्यांची. आरशात बघितलं तर अंग जरा सुटलंय एवढंच दिसतं. घरचे म्हणतात, "एवढ्याशा वजनासाठी पोट कापून घ्यायचं?" आणि हॉस्पिटलचं माहितीपत्रक सांगतं की तुम्ही निकषात बसता. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं असल्यामुळे माणूस मध्येच लटकतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वजन जसजसं कमी, तसतसा ऑपरेशनमधून मिळणारा फायदा आटत जातो. मोबदल्यात द्यावं लागतं ते मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. जठर जवळपास तेवढंच कापलं जातं, गोळ्याही तितकीच वर्षं घ्याव्या लागतात. मध्यम वजनात हे पारडं समतोल करू शकणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्या वजनामुळे आधीच जडलेला आजार. तेव्हा पुढचा सगळा खटाटोप किलोंपेक्षा आजार मोजण्याचा आहे.

पहिली पायरी: आपण नक्की कुठे उभे आहोत

वजन किलोमध्ये घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. आला तो बीएमआय. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ८५ किलो असेल तर उत्तर येतं ३१.२. या लेखात मध्यम म्हणजे साधारण २७.५ ते ३५ च्या दरम्यानचे लोक धरले आहेत.

१९९१ साली अमेरिकेत ठरलेले निकष कडक होते. बीएमआय ४० च्या वर हवा, किंवा ३५ च्या वर आणि जोडीला वजनाशी संबंधित गंभीर आजार हवा. तीस वर्षं बहुतेक ठिकाणी हेच चाललं. २०२२ मध्ये बेरियाट्रिक (म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या) सर्जनांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून ते बदलले. आता ३५ च्या वर असेल तर आजार नसला तरी शस्त्रक्रियेची शिफारस होते. ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल, किंवा इतर उपायांनी टिकाऊ फरक पडलेला नसेल, तर तिचा विचार करावा असं म्हटलं आहे. आशियाई वंशाच्या लोकांसाठी मर्यादा आणखी खाली आहे. त्यांच्यात २५ च्या वर लठ्ठपणा धरला जातो आणि २७.५ पासून शस्त्रक्रियेचा पर्याय पुढे ठेवता येतो. याचं कारण असं की त्याच बीएमआयला या लोकांच्या अंगात, विशेषतः पोटाच्या आत, चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो.

म्हणून बीएमआयच्या जोडीला कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप ठेवायची, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. (हे शेवटचं सगळेच विसरतात.) आशियाई पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की धोका सुरू झाला असं मानतात. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा आणखी सोपा नियम.

निकषात बसणं म्हणजे ऑपरेशनची गरज असणं असं नाही. निकष एवढंच सांगतो की या विषयावर डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही. आणि २५-२६ बीएमआय असताना कुणी ऑपरेशन सुचवत असेल, तर तिथून उठून यावं.

दुसरी पायरी: आजारांची यादी, आकड्यांसकट

एक कागद घ्या. "मला २० किलो कमी करायचे आहेत" असं त्यावर लिहू नका. त्या २० किलोंनी आजवर तुमचं काय बिघडवलं ते लिहा, आणि प्रत्येक गोष्टीपुढे रिपोर्टमधला आकडा टाका. एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) किती, रक्तदाबाच्या किती गोळ्या चालू आहेत, यकृतात चरबी आहे का, असल्यास ते कडक होऊ लागलंय का. झोपेत श्वास अडकतो का, हे आपल्याला स्वतःला कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, आणि घोरण्याबरोबर दिवसा झोप येत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. पाळीची अनियमितता, पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड), गुडघेदुखी हेही लिहा. गुडघ्यांच्या बाबतीत एक हिशेब दिलासा देणारा आहे. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. म्हणजे नुसत्या गुडघ्यांसाठी सात-आठ किलोही पुष्कळ झाले, त्याला जठर कापावं लागत नाही.

या यादीत सगळ्यात वजनदार नोंद असते टाइप २ मधुमेहाची. मध्यम वजनाच्या माणसाने ऑपरेशनचा गंभीरपणे विचार करावा असं मला वाटतं, ते मुख्यतः याच एका कारणासाठी. बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो लहान आतड्याला पुढे जोडण्याचं ऑपरेशन) झाल्यावर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच साखर खाली येऊ लागते, कारण आतड्यांतून येणाऱ्या संप्रेरकांचं गणितच बदलतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅम्पीड नावाच्या अभ्यासात २७ ते ४३ बीएमआयचे १५० मधुमेही घेतले होते. २०१७ मध्ये त्याचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. एचबीए१सी ६ किंवा त्याखाली आणण्यात बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढण्याचं ऑपरेशन) झालेल्यांपैकी २३ टक्के आणि फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्के यशस्वी झाले. ३५ च्या खालच्या लोकांनाही फायदा दिसला.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. पाच टक्के कुठे आणि एकोणतीस कुठे, हे खरंच. पण दहांपैकी सात जणांना ऑपरेशन करूनही ते लक्ष्य गाठता आलं नाही, हेही त्याच तक्त्यात आहे. त्यातल्या बऱ्याच जणांची औषधं कमी झाली, पण "ऑपरेशन केलं की मधुमेह गेला" हे वाक्य कुणी तोंडावर फेकलं तर विश्वास ठेवू नका.

आपल्याला कितपत गुण येईल याचा अंदाज काढता येतो. वय, बीएमआय, सी-पेप्टाइड आणि मधुमेहाची वर्षं यांना गुण देणारी एबीसीडी नावाची पद्धत आहे. सी-पेप्टाइडच्या रक्त तपासणीतून स्वादुपिंडात इन्सुलिन बनवायची ताकद किती उरली आहे ते समजतं. मधुमेह दोन-चार वर्षांचा, इन्सुलिन सुरू झालेलं नाही, सी-पेप्टाइड चांगलं, तर आशा जास्त. पंधरा वर्षं जुना मधुमेह आणि दिवसाला तीन इंजेक्शनं, तर कमी. गंमत म्हणजे या पद्धतीत बीएमआय कमी असेल तर गुणही कमी मिळतात. म्हणून मध्यम वजनाच्या मधुमेह्याने सर्जनला थेट विचारावं, "माझा स्कोअर किती येतो?"

याच टप्प्यावर आणखी एक काम उरकून घ्या. वजन दुसऱ्याच कशामुळे वाढतंय का ते बघा. थायरॉइड, क्वचित कुशिंग सिंड्रोम (शरीरात कॉर्टिसॉल संप्रेरक जास्त होण्याचा आजार), दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडं, इन्सुलिन, ओलान्झापिन किंवा व्हॅल्प्रोएटसारखी औषधं, यांपैकी काहीही कारण असू शकतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने एखादं औषध बदलून जे काम होईल, त्यासाठी भूल घ्यायची गरज नाही. स्वतःच्या मनाने मात्र यातलं काही बंद करू नका.

यादी लिहून झाल्यावर तिच्यात "लग्नात बरं दिसावं", "जुने कपडे बसावेत", "लोक बोलतात" एवढंच उरलं असेल, तर इथेच थांबा. ही कारणं खोटी नाहीत, त्यांचा त्रास खरा असतो. पण जठर कापण्याएवढी ती मोठी नाहीत.

तिसरी पायरी: आधी काय करून पाहिलं, खरं खरं

"सगळं करून बघितलं" हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असतं. खोदून विचारलं तर तीन आठवड्यांचं एक डाएट, चार महिन्यांची जिमची फी आणि मोबाइलमधलं एक ॲप निघतं. मी यात कुणाला नावं ठेवत नाही, कारण वजन उतरलं की शरीर भूक वाढवून ते परत मिळवू पाहतं. ही शरीराचीच यंत्रणा आहे, माणसाचा आळस नाही. पण सलग सहा महिने आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, लेखी नोंदींसह प्रयत्न झाला का, हे स्वतःला विचारायलाच हवं.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न पार बदलला आहे, तो नव्या इंजेक्शनांमुळे. २०२१ च्या एका मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड आठवड्याला २.४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. २०२२ मध्ये टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. शस्त्रक्रियेने साधारण २५ ते ३० टक्के उतरतं.

आता हे टक्के आपल्या उंची-वजनावर उतरवा, म्हणजे मध्यम वजनाचं कोडं उलगडतं. १६५ सेंटिमीटर आणि १०९ किलोच्या माणसाचा बीएमआय ४० येतो. त्याचं वजन इंजेक्शनने १५ टक्के उतरलं तरी तो ३४ वर राहतो, म्हणजे लठ्ठपणातच. तेवढ्याच उंचीचा ८५ किलोचा माणूस त्याच १५ टक्क्यांनी ७२ किलोवर येतो, बीएमआय साडेसव्वीस. अनेकांच्या साखरेला आणि रक्तदाबाला एवढं पुरतं. ऑपरेशनने तोच माणूस ६२ च्या आसपास जाईल. मधल्या दहा किलोंची आपल्याला खरोखर गरज आहे का, याचं उत्तर दुसऱ्या पायरीतल्या कागदावर असतं.

इंजेक्शनांचीही दुसरी बाजू आहे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, पित्ताचे खडे होतात. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर ती देत नाहीत. आणि ती चालू ठेवावी लागतात. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. वर्षानुवर्षं इंजेक्शन परवडणार आहे का, सोसणार आहे का, हाही विचार हवा. तरी आवडलं नाही तर थांबवता येतं, ही सोय मला मोठी वाटते. कापलेलं जठर परत जोडता येत नाही.

मधला मार्गही आहे. पोटात सहा महिने राहणारा फुगा, किंवा तोंडावाटे दुर्बीण घालून जठर आतून शिवणं. शिवण्याच्या पद्धतीचा ३० ते ४० बीएमआयच्या लोकांवर अभ्यास झाला, त्यात वर्षभरात साडेतेरा टक्क्यांच्या आसपास वजन कमी झालं. फुगा काढल्यावर काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

चौथी पायरी: ऑपरेशन कोणतं

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. भुकेचं संप्रेरक घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे नुसती जागाच नाही तर भूकही कमी होते. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा, अंदाजे ३० मिलिलिटरचा, वेगळा करून तो लहान आतड्याला पुढे जोडतात. मिनी बायपासमध्ये जोड एकच असतो. दुर्बिणीतून होणारी ही सगळी ऑपरेशनं आहेत आणि दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. जठराला पट्टा बांधण्याची पद्धत आता बहुतेकांनी सोडून दिली आहे.

निवड आपल्या तक्रारींवरून ठरते. छातीत जळजळ, आम्ल वर येणं असेल तर स्लीव्हने ते वाढू शकतं, तिथे बायपास बरा. सांधेदुखीसाठी कायम वेदनाशामक गोळ्या लागत असतील तर बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर होण्याची भीती असते. सिगारेटचंही तसंच. मधुमेह हेच मुख्य कारण असेल तर बायपासकडे झुकाव असतो. मध्यम वजनाच्या माणसाने एक गोष्ट आवर्जून तपासावी, आतड्याची किती लांबी वगळणार आहेत. लांबी जितकी जास्त, तितकं अन्न कमी शोषलं जातं, आणि ज्याच्याकडे मुळात उतरवायला वजनच थोडं आहे त्याचं कुपोषण व्हायला वेळ लागत नाही.

पाचवी पायरी: वजाबाकीची बाजू

जिवाचा धोका कमी आहे. पहिल्या महिन्यात मृत्यूचं प्रमाण साधारण हजारात एक ते तीन, म्हणजे पित्ताशय काढण्यासारख्या नेहमीच्या ऑपरेशनांच्या पंगतीतलं. टाक्यांच्या रेषेतून गळती शंभरात एकाच्या आसपास होते, पण झाली तर आठवडेच्या आठवडे हॉस्पिटलात जातात.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं, रोजचं. बी१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन आयुष्यभर. वर्षातून एकदा तरी रक्त तपासणी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं, तीही वाटीभर जेवणातून. जेवताना पाणी नाही. सतत उलट्या होत राहिल्या तर बी१ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं आणि मेंदू-मज्जातंतूंना इजा होऊ शकते, तेव्हा "बघू उद्या" करायचं नाही. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. वजन वेगाने उतरताना पित्ताचे खडे होतात, म्हणून काही डॉक्टर सहा महिने अर्सोडिऑक्सीकोलिक ॲसिड देतात. बायपासनंतर गोड खाल्लं की घाम, धडधड, चक्कर येऊ शकते, याला डम्पिंग म्हणतात. हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

दारूबद्दल वेगळं सांगायला हवं. बायपासनंतर ती भराभर चढते आणि काही वर्षांनी व्यसनाचं प्रमाण वाढल्याचं आढळलं आहे. शस्त्रक्रियेनंतर स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाणही काही अभ्यासांत वाढलेलं दिसलं. ज्यांना नैराश्य आहे, किंवा ताण आला की खायला लागतं, त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. तिथे "पास" होण्यापुरतं गोड बोलून येऊ नये.

मूल हवं असेल तर १२ ते १८ महिने थांबावं लागतं, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरी सोय करावी लागते. तिशीच्या आतल्या मुलींना हे कुणी आधी सांगत नाही अशी तक्रार फार ऐकू येते.

सहावी पायरी: सर्जनसमोर बसल्यावर

पहिल्या भेटीतच ऑपरेशनची तारीख मिळाली तर सावध व्हा. एंडोस्कोपी, पोटाची सोनोग्राफी, एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणी, जीवनसत्त्वांची पातळी, आहारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ हे सगळं व्हायला काही आठवडे लागतातच. सिगारेट किमान सहा आठवडे आधी सुटायला हवी.

विचारायचे प्रश्न कागदावर नेले तर बरं, समोर बसल्यावर विसरायला होतं. "३५ च्या खालचे किती रुग्ण तुम्ही केलेत आणि पाच वर्षांनी ते कसे आहेत?" "तुमच्याकडे गळतीचं प्रमाण किती?" "रात्री दोनला पोट दुखलं तर फोन कोण उचलेल?" "मला इंजेक्शनं का देत नाही?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जो नीट समजावून देतो, तो सर्जन मला चांगला वाटतो. विमा असेल तर मान्यता लेखी घ्या. विमा कंपन्या अनेकदा जुन्याच निकषांवर अडून असतात.

दुसरं मत घ्यायचं ते दुसऱ्या सर्जनचं घेण्यापेक्षा एंडोक्रायनॉलॉजिस्टचं, म्हणजे संप्रेरकांच्या आणि मधुमेहाच्या तज्ज्ञाचं घ्या. सुताराला विचारलं तर तो लाकडाचंच सुचवणार.

सातवी पायरी: रंगीत तालीम

हे कुठल्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं नाही, पण माझा यावर फार विश्वास आहे. होकार द्यायच्या आधी दोन आठवडे ऑपरेशन झाल्यासारखं जगून बघा. प्रत्येक घास बारीक होईपर्यंत चावायचा, जेवायला अर्धा तास घ्यायचा. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. ताटात प्रथिनं आधी. आहारतज्ज्ञाला विचारून प्रमाण ठरवा, उपाशी राहायचं नाही, आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका. रोज ठरल्या वेळी एक मल्टिव्हिटॅमिन, एकही दिवस न चुकता.

चौदा दिवसांत किती गोळ्या चुकल्या ते मोजा. चार-पाच चुकल्या असतील तर आयुष्यभराचं काय होईल, हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी पडलेला बरा. काहींना उलट अनुभव येतो. ही शिस्त जमते, वजनही हलायला लागतं, आणि वाटतं की अजून सहा महिने असंच करून बघू.

निर्णय पुढे ढकलला तर

"आत्ता नको" हाही निर्णयच आहे, फक्त तो नोंदीसकट घ्यायचा. आजचा एचबीए१सी, रक्तदाब, कंबर आणि यकृताचा रिपोर्ट तारीख टाकून दुसऱ्या पायरीतल्या त्याच कागदावर लिहा. खाली लिहा, काय झालं तर परत विचार करायचा. तीन औषधं घेऊनही एचबीए१सी ८ च्या वर राहिला, इन्सुलिन सुरू करायची वेळ आली, यकृत कडक होऊ लागलं, बीएमआय ३५ ओलांडला, यांपैकी आपल्याला काय लागू आहे ते डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. मधुमेह्यांनी मात्र हा कागद वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नये, कारण स्वादुपिंडाची ताकद गेली की ऑपरेशनचा सगळ्यात मोठा फायदाही तिच्याबरोबर जातो. त्यांनी दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करावा, बाकीच्यांना सहा महिन्यांनी पुरतं.